निघणाऱ्याचं गाणं

आमच्या घरात बोलायचं म्हणजे ओरडायचं. दुसरा इलाजच नव्हता. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत चूल आणि मधल्या खोलीत रहाटावर सुताच्या कांड्या भरत बसलेली अत्तम्मा. दूधवाला यायच्या आत माग सुरू व्हायचे ते पार दिवेलागणीनंतर थांबायचे, आणि त्या खटखटाटात नुसतं 'मीठ दे' म्हणायचं तरी छातीतून आवाज काढावा लागे. सोलापूरच्या पूर्व भागातली आमची अख्खी गल्लीच तशी. घरोघरी चादरी नाहीतर टॉवेल, आणि घरोघरी गळा काढून बोलणारी माणसं. खरी मजा वीज गेली की यायची. माग झटक्यात बंद पडायचे, पण बोलणारी तोंडं लगेच थोडीच बंद होतात? कुणाची सून काय म्हणाली, कुणाच्या जावयाने काय मागितलं, ते तेवढ्या वेळात सगळ्या गल्लीला ऐकू जायचं आणि मग एकदम चिडीचूप व्हायचं. आता सत्तरी ओलांडली तरी माझा आवाज उतरलेला नाही. फोनवर बोलले की भाचेसून म्हणते, "आत्या, फोन कशाला लावता, खिडकीतूनच बोला की." बोलू दे तिला. या आवाजाने मला आयुष्यात काही कमी दिलेलं नाही.

अत्तम्मा म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हापासून ती आमच्याकडेच. वडिलांना आम्ही नान्ना म्हणायचो. ते मागावर, अम्मा चुलीपाशी, आणि त्या दोघांवर, आमच्यावर आणि जमलं तर गल्लीवरही हुकूम अत्तम्माचा. आमची मंडळी मूळची तेलंगणातली. मागामागाने पोट भरत सोलापुरात आली आणि इथलीच झाली. घरात तेलुगू, शाळेत मराठी, शेजारी शांताक्काकडे कानडी आणि समोर चांदबीच्या ओट्यावर दखनी, असं आमचं चालायचं. कोण कुठल्या भाषेत ओरडतंय याकडे कुणाचं लक्ष नसे. अत्तम्माचं तेलुगू मी इथे आमच्या गल्लीच्या मराठीत उतरवतेय. फार फरक पडणार नाही, दोन्हींतला तिचा तोरा एकच होता.

विणकराची मुलगी अमेरिकेत जाऊन आयरिश साहित्य कशी काय शिकली, असं लोक मला अजून विचारतात, आणि विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर असं असतं की जणू मी वाट चुकून तिथे पोचले. खरं सांगायचं तर तसंच झालं. शिष्यवृत्ती मिळाली होती ती इंग्रजीसाठी. तिथे गेल्यावर कळलं की मला हवे होते ते वर्ग भरलेत, आणि जागा आहे ती हॅनलनबाईंच्या वर्गात. हॅनलनबाई उंच, हाडकुळ्या, कायम एकच हिरवा स्वेटर घालणाऱ्या. त्यांच्या आजीची आई आयर्लंडहून जहाजाने आलेली. आयर्लंडचं साहित्य, तिथल्या चालीरीती आणि तिथून अमेरिकेत आलेली माणसं, असा त्यांचा विषय होता. पहिल्याच दिवशी त्यांनी काहीतरी विचारलं आणि मी घरच्या आवाजात उत्तर दिलं. पुढच्या बाकावरचा मुलगा दचकून वळला. तिथे सगळे कुजबुजल्यासारखं बोलत. हॅनलनबाई म्हणाल्या, "चला, निदान एक माणूस तरी जागं आहे." त्या दिवसापासून आमचं जमलं.

आणि विषय तरी काय! शेतात बटाटा कुजला, जमिनीचा खंड थकला, घरं मोडली आणि माणसं जहाजात बसली. गेली ती न्यूयॉर्कला, बॉस्टनला, खंदक खणायला, दुसऱ्यांच्या घरी भांडी घासायला. दोन पिढ्यांत भाषा गेली, गाणी तेवढी राहिली. वर्गातली आयरिश आडनावांची मुलं हे सगळं इतिहास म्हणून लिहून घेत होती. मी मात्र लिहायचं सोडून बघत बसले, कारण हे सगळं माझ्या घरात घडलेलं होतं. बटाट्याच्या जागी माग आणि जहाजाच्या जागी बैलगाडी, एवढाच काय तो फरक. त्या बर्फात, उसन्या कोटात बसून मला सोलापूर जितकं नीट दिसलं तितकं सोलापुरात राहून कधी दिसलं नव्हतं.

मग एक दिवस बाईंनी ती प्रथा सांगितली. आयर्लंडच्या खेड्यात पोरगा किंवा पोरगी अमेरिकेला निघाली की आदल्या दिवशी घरी गाव जमायचं, कुणी वारल्यावर प्रेताजवळ जमतं तसं. खाणंपिणं व्हायचं, नाचसुद्धा व्हायचा, आणि निघायची वेळ आली की म्हाताऱ्या बाया मेलेल्या माणसासाठी जे गाणं रडत म्हणतात ते म्हणायच्या. ज्याच्यासाठी म्हणायच्या तो समोर नवे बूट घालून बसलेला असायचा. मेलेल्याजवळ जागायला ते 'वेक' म्हणत, आणि याला अमेरिकन वेक. गेलेला परत येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असायचं, म्हणून रडणं आधीच उरकून घ्यायचं. मी म्हणाले, "आमच्याकडेही असं गाणं आहे." अत्तम्माच्या तोंडून लहानपणापासून ऐकलं होतं की सोलापूरला यायला त्यांची बैलगाडी गावातून निघाली तेव्हा तिच्या आजीने निघणाऱ्याचं गाणं म्हटलं होतं. बाईंनी विचारलं, "तू ऐकलंयस?" म्हटलं, नाही. "मग ते आहे कशावरून?"

झालं. माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण त्या प्रश्नावर अडकलं. बाई म्हणाल्या, आयर्लंडच्या गाण्यांवर तर इथे सगळेच लिहितात. तू ते गाणं घेऊन आलीस तर तुझा प्रबंध तुझा होईल, नाहीतर दुसऱ्यांच्या पुस्तकांचा सारांश होईल. संशोधनाच्या नावाने त्यांनी खटपट करून माझ्या उन्हाळ्यातल्या तिकिटाची सोय लावली, हातात एक टेपरेकॉर्डर दिला, आणि जाता जाता एक पुडी सोडली: पदवी मिळाली की इथेच शिकवायला राहा, मी वर बोलून ठेवलं आहे. ही पुडी मी घरी कुणापुढे सोडली नाही. पण मुंबईहून सोलापूरला येताना गाडीत माझ्या डोक्यात गाणं कमी आणि ती नोकरीच जास्त घोळत होती.

टेपरेकॉर्डरचं आमच्या घरी काय कौतुक झालं! नान्नांनी आधी आपल्या मागाचा आवाज भरून घेतला, मग तो ऐकवायला गल्लीतल्या विणकरांना बोलावलं. सगळे मागकरी आपापले माग बंद ठेवून, डोळे मिटून, मागाचाच आवाज ऐकत बसले. "हा डाव्या बाजूला जरा घासतोय," कुणीतरी म्हणालं, आणि नान्ना तेल घालायला उठले. अम्मा त्या यंत्राला हळदकुंकू लावायला निघाली होती, तिला कसंबसं आवरलं. अत्तम्माने मात्र एकदाच मान वर करून पाहिलं आणि रहाट फिरवत विचारलं, "हे मला कशाला दाखवालीस?"

मी सांगितलं. गाणं हवंय. तुमच्या गावचं, निघणाऱ्याचं.

"ते न्हाय मिळायचं. दुसरं माग."

दुसरी तिने इतकी दिली की टेपा पुरेनात. पाळण्याची, फुलांच्या सणाची, सूत भिजवतानाची, विहिणीला टोमणे मारायची. एक गाणं तर असं होतं की अम्मा तोंडाला पदर लावून चुलीकडे पळाली. त्या उन्हाळ्यातली दुपार अजून डोळ्यांपुढे आहे. बाहेर रखरखीत ऊन, पत्रा तापलेला, खायला ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि वर तेलाची धार, आणि मधल्या खोलीत अत्तम्मा घाम पुसत गातेय. अमेरिकेत मी चटणीसाठी किती तरसले होते ते ती चटणी ताटात पडल्यावर कळलं. पण त्या गाण्याचा विषय काढला की अत्तम्मा पुन्हा रहाटाकडे वळायची. तिचे पाय चेपले. आयर्लंडचं एक गाणं मीच तिला म्हणून दाखवलं, अर्थासकट, की बघ, ते लोक म्हणतात, तू का म्हणत नाहीस? तिने नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "चाल बरी हाय. पण तुझा गळा म्हैस हाकल्यासारखा झालाय. काय खायला घालतात गं तितं?"

खरं कारण एका दुपारी वीज गेल्यावर कळलं. माग थांबले, नान्ना बाहेर ओट्यावर जाऊन बसले. अत्तम्माने रहाट सोडला नाही, पण आवाज खाली आणला.

"मी एवढीशी होते," ती म्हणाली. "गाडीत मागं बसले होते, सुताच्या गाठोड्यावर. आमची आजी गाडीमागनं चालत आली आणि ते गाणं म्हनायला लागली. मग सगळी आळी म्हनायला लागली. चांगलं म्हटलं गं, वाईट म्हनून न्हाय म्हटलं. पन मला सांग, त्यातलं एक तरी मानूस परत गेलं का? तुझा नान्ना गेला? मी गेले? घर पडलं, आजी मेली, ते कळलंसुदिक किती उशिरा. त्या गान्यात शेवटाला दाराची कडी लावतात. लावली की लागली. आता तू ते गानं मागतीस. तुला कडी लावून हवी हाय का?"

ती थांबली आणि माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "तुला तितंच ऱ्हायचं असंल तर सांग. राग न्हाय. आत्ता म्हनते. लाव तुझं ते यंत्र."

म्हणजे गाणं हाताशी होतं. फक्त 'परत येणार नाही' एवढं म्हणायचं, की प्रबंध झाला, नोकरी झाली, सगळं झालं. आणि 'परत येईन' म्हणायचं तर गाणंही गेलं आणि नोकरीही. त्या घरात मी जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. म्हणाले, "बघू."

"बघूला गानं नसतं," अत्तम्मा म्हणाली. तेवढ्यात वीज आली.

शेजारच्या शांताक्काबद्दल सांगायला हवं. माहेर मैंदर्गीचं, लिंगायत घरातली, नवऱ्याचं किराणा दुकान. कपाळावर ठसठशीत विभूती, आणि दुसऱ्याच्या सुखदुःखात उडी घ्यायला पदर कायम खोचलेला. माझं निघणं आठवड्यावर आलं तेव्हा तिने ओट्यावर मला गाठून विचारलं, "अगं अंबे, तू एवढं लांब जाऊन शिकतीस तरी काय?" आता तिला साहित्य आणि स्थलांतर असं कुठे सांगत बसू? मी ती आयरिश प्रथाच सांगितली. गाव जमतं, मेलेल्या घरी जमतं तसं, बाया रडतात, गाणं म्हणतात. गाण्यासाठीच आले होते, पण अत्तम्मा म्हणत नाही, आणि त्याशिवाय माझा अभ्यास पुरा होत नाही, हेही बोलून गेले.

"म्हंजे अमेरिकेला जायचं तर आदी रडून घ्यावं लागतंय व्हय?" शांताक्काचे डोळे गोल झाले.

"त्यांच्याकडे तशी रीत होती."

"आणि ते न्हाय केलं तर तुजी परीक्षा अडती?"

"तसंच काहीसं," मी हसून म्हणाले आणि विसरून गेले. शांताक्का विसरणाऱ्यातली नव्हती.

निघायच्या दिवशी गाडी संध्याकाळची होती. जेवणं लवकर उरकून मी मधल्या खोलीत बॅग भरत होते. अम्मा चटणीची पुडकी तेलकट कागदात बांधत होती. माग चालू होता, कारण नान्नांच्या मते कुणी गावाला गेलं म्हणून माग थांबवायचा नसतो. आणि दारात शांताक्का उभी राहिली. डोक्यावरून पदर, कपाळावर विभूती नाही, हातात फडक्याने झाकलेली टोपली. तिच्यामागे चांदबी, तिच्यामागे गल्लीतल्या आणखी बाया, सगळ्यांच्या हातांत टोपल्या आणि पातेली. त्या एकही शब्द न बोलता आत आल्या, पुढच्या खोलीत भिंतीला टेकून ओळीने बसल्या आणि फडकी बाजूला केली. पिठलं आणि भाकरी.

आमच्याकडे हे कधी आणतात ते वाचणाऱ्याला सांगायला नको. मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारचे पिठलं-भाकरी करून आणतात आणि घरच्यांना बळेबळे भरवतात. कडू घास म्हणतात त्याला. नान्नांनी ते पाहिलं आणि मागाचं बटण बंद केलं.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"कोई नै गया भाई," चांदबी डोळे पुसत म्हणाली. "जानेवाली है ना, अंबी. उसके वास्ते आए."

आणि शांताक्काने गळा काढला. कानडीत, मराठीत, जे सापडेल त्यात. माझ्या लेकराला समुद्र खातोय की, आता आमच्या अंबीचं तोंड कधी दिसायचं की, असं एकेक. बाकीच्यांनी सूर धरला. आता यात नाटक होतं असं कुणाला वाटेल तर तसं नव्हतं. मला कडेवर खेळवलेल्या बाया होत्या त्या. सुरुवात माझ्या परीक्षेसाठी केली असेल, पण पहिल्या हुंदक्यानंतर त्या खरंच रडत होत्या. अम्मा तर चटणीच्या पुडक्यांसकट खालीच बसली. आयर्लंडमधल्या त्या नव्या बूटवाल्या पोराला काय वाटत असेल ते मला तिथे, माझ्याच घरात, फरशीवर उभं राहून कळलं. आणि तरीही माझा हात बॅगेत गेला आणि मी टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. मनात एकच होतं: आता अत्तम्माला राहवणार नाही, आता ती म्हणेल.

अत्तम्मा मधल्या खोलीतून आली. हातात अर्धी भरलेली कांडी तशीच. तिने सगळीकडे एकदा पाहिलं.

"उठा!" ती म्हणाली. मागाच्या वरताण आवाज, आणि माग तर बंद. बायांचं रडं जागच्या जागी तुटलं. "कुणाच्या दारात बसून रडालात? कोण मेलंय हितं? धडधाकट पोरगी हुभी हाय समोर, दोन भाकऱ्या खाऊन! शांताक्का, तुला अक्कल हाय का न्हाय? विभूती पुसून आलीस व्हय माझ्या घरात? जा, आधी लावून ये!"

"अत्तम्मा, तिच्या परीक्षेला पायजे म्हनून..." शांताक्का चाचरली.

"जळ्ळी ती परीक्षा! त्या लोकांची लेकरं गेली ती गेलीच, म्हनून ते रडले. त्यांनी रडून वाट लावली आपल्या पोरांची. आपन कशाला लावायची? ही शिकायला चाललीय. शिकनार आणि येनार." तिने टोपल्यांकडे पाहिलं. अन्न टाकायचं नाही, हे आमच्या घरात कुणी शिकवावं लागत नसे. "चूल इझली न्हाय ना गं?" तिने अम्माला विचारलं. "फुंक घाल. ते सगळं पिठलं मोठ्या पातेल्यात ओत आणि वरून फोडणी दे, मोहरी, लाल मिरची, लसूण सढळ हातानं. माझ्या चुलीवर चढलं की ते सुतकाचं ऱ्हात न्हाय. ज्यांनी आनलं त्यांनी हितंच बसून खायचं. आणि मी सर्वपिंडी थापते."

बाया उठल्या. एक भाकऱ्या चुलीवर कडक करायला बसली, एक लसूण सोलायला. अत्तम्माने तांदळाच्या पिठात शेंगदाणे आणि तीळ घालून सर्वपिंडी पातेल्याला आतून थापली, बोटाने भोकं पाडली, तेल सोडलं. फोडणीचा खकाणा उठला आणि आता डोळ्यांत पाणी होतं ते मिरचीमुळे. चांदबी खोकता खोकता हसायला लागली, मग सगळ्याच. शांताक्का घरी जाऊन विभूती लावून आली. मी आपली कोपऱ्यात बॅगेजवळ उभी. वाटलं, सुटले.

कसली सुटतेय! पानं वाढल्यावर अत्तम्माने माझ्याकडे मोर्चा वळवला.

"आणि तू. त्या दिवशी मला बघू म्हनालीस. आता या बायांच्या समोर सांग. येनार का न्हाय?"

सगळ्या थांबल्या. नान्ना मागाजवळ उभे होते, तेही माझ्याकडे बघायला लागले. या क्षणावर मी पुढे कितीदा विचार केलाय. कुणी मला विनवलं नव्हतं, कुणी पाय धरले नव्हते. समोर फोडणी दिलेलं पिठलं होतं आणि ते घशाखाली जाण्याआधी उत्तर द्यायचं होतं. त्या हिरव्या स्वेटरवाल्या बाईवर माझं फार प्रेम होतं. तिची नोकरीही मला हवी होती, खोटं कशाला बोलू. पण त्या खोलीत उभं राहून मला इतकं स्वच्छ कळलं की मी जे शिकले ते मला इथे येऊन, या माणसांच्या पोरांना, या आवाजात शिकवायचंय.

"येणार!" मी म्हणाले.

सवयीने मागाच्या वरच्या पट्टीत म्हणाले. माग बंद होता, त्यामुळे ते अख्ख्या गल्लीत गेलं. कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन "क्या हुआ?" विचारत होता, असं चांदबीने नंतर सांगितलं. अत्तम्मा म्हणाली, "हां. आता जेव." आणि मी जेवले. तसं पिठलं पुन्हा खाल्लं नाही.

स्टेशनवर ती आली नाही. कांड्या राहिल्यात म्हणाली. मी पाया पडले तेव्हा डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून रहाटावर ठेवला. रात्री गाडीत मला उमगलं की माझ्याकडे गाणं नाही.

हॅनलनबाईंच्या वर्गात मी ती टेप लावली. आधी रडणं, मग एक कडकडीत आवाज, मग पातेल्यांचा खणखणाट, फोडणीचा चर्र आवाज, खोकला, हसू, आणि शेवटी माझी ती आरोळी. मी वाक्यावाक्याला अर्थ सांगितला. संपल्यावर बाईंनी विचारलं, "गाणं कुठे आहे?" मी म्हणाले, "म्हटलं नाही. माझं प्रकरण तेच आहे. जिथे माणसं परत येणार नाहीत हे मान्य झालं तिथे गाणं झालं. जिथे एका बाईने ते मान्य केलं नाही तिथे चूल पेटली." बाईंनी टेप मागे फिरवून फोडणीचा आवाज पुन्हा ऐकला. मग म्हणाल्या, "माझ्या पणजीच्या घरात अशी एक बाई असती तर मी आज आयर्लंडात बटाटे लावत असते." प्रबंध मंजूर झाला. मी नोकरी घेणार नाही म्हटल्यावर त्या आठवडाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत, पण निघताना तो टेपरेकॉर्डर त्यांनी मलाच दिला.

मी परत आले तेव्हा अत्तम्मा रहाटावरून उठलीसुद्धा नाही. "वाळलीस," एवढंच म्हणाली. पुढे सोलापुरातच कॉलेजात शिकवायला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आता गल्लीतले बरेच माग बंद पडलेत, आणि घराघरातलं कुणी ना कुणी पुण्याला नाहीतर परदेशात आहे. जाताना पोरं माझ्या पाया पडायला येतात. मी रडत नाही. परत कधी येणार ते मोठ्याने सांगायला लावते, ओट्यावर उभं करून. पोरं लाजतात, पण सांगतात.

एक सांगायचं राहिलं. अमेरिकेहून परत येऊन मला थोडे दिवस झाले होते. सकाळची वेळ, सगळे माग जोरात चालू. मी भाकरी खात होते आणि मधल्या खोलीतून अत्तम्माचा आवाज आला. मला वाटलं, कुणाला तरी झापतेय. अम्माचा हात एकदम थांबला. "जा," ती म्हणाली, "ते गानं हाय." खरकट्या हातानेच मी टेपरेकॉर्डर काढला, तिच्यासमोर ठेवला आणि बटण दाबलं. तिने पाहिलं आणि हरकत घेतली नाही. "आता म्हनायला काय," तालावर रहाट फिरवत ती म्हणाली, "आता ते कुनाचं काय वाकडं करनार?" आणि पहिल्यापासून म्हणाली. वाटे गं, हिच्या पायाला काटा लावू नको. नदी, हिला उतार दे. विहिरी, हिचं तोंड विसरू नको. रडण्याचा सूर नव्हताच त्यात. कांड्या भरताना म्हणतात तसं, सरळ. मागाच्या आवाजात निम्मे शब्द बुडालेत, टेप अजून माझ्याकडे आहे. शेवटी ती कडीपाशी आली. दाराला कडी लावते गं बाई, दाराला कडी लावते. मग तुटलेला दोरा थुंकी लावून जोडला आणि त्याच चालीत आणखी एक ओळ म्हणाली: कडी काढ गं सूनबाई, पोर दारात आली.

मी आयर्लंडची गाणी पुष्कळ वाचली होती. अशी ओळ मला त्यांत कुठे सापडली नव्हती. मी ओरडून विचारलं, "ही ओळ जुनीच आहे का?"

"छे, आत्ता घातली," अत्तम्मा ओरडली. "आधी कुनी परत आलंच नव्हतं की!"